कॉर्डलेस माईकला हवेत जागा हवी!

बोहाडा, हरिनाम सप्ताह, हळद, ग्रामसभा... नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल परिसरात कार्यक्रम कुठलाही असो, साऊंडवाल्याच्या पेटीत कॉर्डलेस माईक असतोच. वायर नसली तरी त्याचा आवाज जातो तो रेडिओलहरींवरून. आणि या लहरींचा बाजारभाव ऐकाल, तर थक्क व्हाल!

2022च्या 5जी लिलावात सरकारला 1,50,173 कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या. त्यातले 39,270 कोटी एकट्या 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे, आणि त्यातला विकला गेलेला भाग जिओने घेतला. गंमत म्हणजे याच पट्ट्याला 2016 आणि 2021 मध्ये कुणी हातही लावला नव्हता. 2022 मध्ये त्याच्या खालचा 600 मेगाहर्ट्झचा पट्टाही मांडला होता. त्याला मात्र गिऱ्हाईक मिळालं नाही. पण आज ना उद्या मिळेलच.

कारण या लहरी लांब जातात, भिंतीतून आणि झाडीतून पार होतात. डोंगराळ भागात मोबाइलची रेंज पोचायला त्या हव्यातच. माईकलाही नेमक्या त्याच आवडतात! चांगले कॉर्डलेस बहुतेक 470 ते 700 मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे टीव्हीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या चॅनलांवर चालतात. म्हणजे ज्या गावाला टॉवर हवा, त्याच गावाला माईकही हवा.

600 मेगाहर्ट्झची लहर 50 सेंटिमीटर लांब. तिचा पाव भाग साडेबारा सेंटिमीटर. कलाकाराच्या कमरेच्या डबीतून लोंबणारी ती छोटी तार साधारण तेवढीच असते.

आता हिशोबाची कमाल पाहा. एका टीव्ही चॅनलची रुंदी 8 मेगाहर्ट्झ, साध्या अ‍ॅनालॉग माईकला लागते जेमतेम 0.2. मग एका चॅनलमध्ये 40 माईक? छे! 600.0 आणि 600.4 वर दोन माईक लावले, की 599.6 आणि 600.8 वर आपोआप दोन भुतं, म्हणजे नको असलेल्या लहरी, उभी राहतात. त्या जागी तिसरा माईक ठेवला, की खरखर सुरू. म्हणून प्रत्यक्षात डझनभर माईक बसवतानाही घाम फुटतो.

स्वस्तातले 2.4 गिगाहर्ट्झचे माईक घेतले तर? तिथे वायफाय आणि ब्लूटूथची आधीच दाटी. शिवाय माणसाच्या शरीरातलं पाणी ही लहर शोषून घेतं. रिकाम्या मैदानात खणखणीत वाजलेला माईक गर्दी जमल्यावर तुटक वाजतो, तो यामुळे.

 

पट्टा मोबाइलला विकला, की माईकचं काय होतं? अमेरिकेतल्या माईकवाल्यांना तर दोनदा घर बदलावं लागलं. 12 जून 2010 नंतर 700चा पट्टा बंद, 13 जुलै 2020 नंतर 600चा बराचसा भाग बंद. चालू स्थितीतले संच कपाटात गेले.

आपल्याकडे अजून वेळ आहे, आणि जागाही. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 470 ते 590 मेगाहर्ट्झमधली टीव्हीची 15 चॅनलं तपासली, तेव्हा देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर पंधराच्या पंधरा मोकळी निघाली! हरसूलच्या शेजारच्याच पालघर जिल्ह्यात त्यांनी याच मोकळ्या लहरींवरून खेड्यांत इंटरनेट पोचवून दाखवलं. नंतर दूरदर्शनने आपले बहुतेक अ‍ॅनालॉग ट्रान्समीटरही बंद केले.

‘हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे,’ असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. त्या खंडपीठावर आपले न्या. पी. बी. सावंत होते. जनतेच्या मालमत्तेत कीर्तनकाराचा, शाहिराचा, ग्रामसभेत बोलणाऱ्या बाईचा वाटा नको का? पुढच्या लिलावाआधी एक छोटा पट्टा माईकसाठी राखून ठेवायलाच हवा.

तोवर साऊंडवाल्यांनो, 2027च्या सिंहस्थासाठी नवे संच घेणार असाल, तर पाठीवरचा मेगाहर्ट्झचा आकडा आधी वाचा. 703 ते 803च्या दरम्यानचा, म्हणजे मोबाइलला विकलेल्या 700च्या पट्ट्यातला माईक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.