शिस्तीचे दोन शिक्षक
जकार्ता :

इंडोनेशियात शाळा सकाळी सातच्या सुमारास भरते. फाटकाशी उभ्या असलेल्या शिक्षकांचा हात कपाळाला किंवा ओठांना लावून मुले आत जातात. उशिरा येणाऱ्याचे नाव वहीत लिहिले जाते. अनेक शाळांत नावापुढे गुणही पडतात, पण ते चुकांचे. उशिराला थोडे, मारामारीला बरेच. बेरीज ठरावीक आकड्यापलीकडे गेली की आईवडिलांना बोलावणे धाडतात.

मुलांना वळण लावण्याची जबाबदारी येथे मुख्यतः दोघांवर असते. एक धर्माचे शिक्षक, दुसरे समुपदेशक, म्हणजे येथले ‘गुरु बीके’.

आपल्या राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला मनाई आहे. इंडोनेशियात २००३च्या शिक्षण कायद्याने प्रत्येक विद्यार्थ्याला स्वधर्माचे शिक्षण, तेही स्वधर्मीय शिक्षकाकडून, मिळण्याचा हक्क दिला. अनेक शाळांत मुसलमान मुले दुपारी एकत्र जुहरची नमाज पढतात. बालीत हिंदू मुले त्रिसंध्या म्हणतात. हातपाय धुणे, रांगेत उभे राहणे, वेळ पाळणे हे रोजच्या सरावाने अंगवळणी पडते.

पण या अधिकाराची दुसरी बाजूही देशाने पाहिली. २०२१मध्ये पाडांगच्या एका सरकारी शाळेत ख्रिस्ती मुलीवर हिजाबसाठी दबाव आल्याचे उघड झाले. तीन मंत्र्यांनी मिळून अशा सक्तीवर बंदी घातली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. श्रद्धेतून आलेली शिस्त सक्तीकडे किती सहज झुकते, हे यातून दिसले.

म्हणूनच समुपदेशकाचे मोल मोठे. १९७५च्या अभ्यासक्रमाने हे काम शाळेत रीतसर आणले. २०१४च्या नियमानुसार माध्यमिक शाळेत दीडशे-एकशेसाठ मुलांमागे एक समुपदेशक हवा; प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी एकाच्या वाट्याला याहून कितीतरी जास्त मुले येतात. कारण शोधणे हे त्यांचे खरे काम. नमाजेला सतत गैरहजर राहणारा मुलगा धर्मशिक्षकाच्या नजरेत येतो. समुपदेशक त्याच्या घरी जातात. तो पहाटे आईबरोबर बाजारात बसतो आणि दुपारपर्यंत थकून जातो असे कळले, तर वहीतले गुण वाढवून काय साधणार?

दुर्दैवाने गुणांची वही बहुधा समुपदेशकाच्याच टेबलावर असते. त्यामुळे मुले त्यांना ‘शाळेचे पोलीस’ म्हणतात आणि मनातले सांगायला कचरतात. जो दंड करतो त्याच्यापाशी कोणते मूल मन मोकळे करील?

धर्मशिक्षणाची इंडोनेशियन वाट आपली नाही, ती होऊही नये. समुपदेशकाची मात्र आपल्या प्रत्येक शाळेला गरज आहे. मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना विनंती एवढीच, की समुपदेशक नेमाल तेव्हा दंडाची वही त्यांच्या हाती देऊ नका.