नवी गाय बुजते तेव्हा : धीर, दिनक्रम आणि दक्षता

घरी दुभती गाय येणे हा ग्रामीण कुटुंबात आजही आनंदाचा प्रसंग मानला जातो. तिच्या पायांवर पाणी घालून, कपाळी हळदकुंकू लावून तिचे स्वागत केले जाते. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे चरवी घेऊन कोणी जवळ बसले की तीच गाय अंग चोरते, लाथ झाडते, दावे तोडू पाहते. विकणाऱ्याच्या दारात भरपूर दूध देणारी गाय नव्या गोठ्यात निम्मेही दूध देत नाही. आपली फसवणूक झाली किंवा गाय मारकी निघाली, असा घरच्यांचा समज होतो. अनेकदा यांपैकी काहीच खरे नसते. गाय केवळ भेदरलेली असते.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आहे आणि त्यातील मोठा भाग एक-दोन जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबांकडे आहे. अशा घरांत गायीची देखभाल बहुधा स्त्रिया, वृद्ध आणि मुले करतात. तीन-चारशे किलो वजनाच्या जनावराची एक लाथ हात किंवा बरगडी मोडण्यास पुरेशी असते. त्यामुळे बुजऱ्या गायीला हाताळण्याची रीत प्रत्येक गोपालक कुटुंबाने जाणून घेणे आवश्यक आहे.

भीतीचे मूळ

गाय हा स्वभावतः कळपात राहणारा आणि शिकारी प्राण्यांपासून सावध राहणारा जीव आहे. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने तिला जवळजवळ सभोवतालचे दिसते. परंतु नेमके पाठीमागचे दिसत नाही. खोलीचा अंदाजही तिला आपल्याइतका चांगला येत नाही. म्हणून जमिनीवरील गडद सावली, वाऱ्याने हलणारे कापड किंवा चमकणारे पाण्याचे डबके पाहून ती थबकते. माणसाला ऐकू न येणारे काही उच्च स्वरही तिला ऐकू येतात. पत्र्याचा खणखणाट किंवा भांड्यांची आदळआपट तिला आपल्यापेक्षा अधिक त्रासदायक वाटते.

प्रत्येक गायीभोवती एक अदृश्य अंतर असते. त्याच्या आत अनोळखी माणूस शिरला की ती दूर सरते आणि सरायला जागा नसेल तर प्रतिकार करते. पशुवर्तनाच्या अभ्यासक, अमेरिकेतील डॉ. टेंपल ग्रँडिन यांनी जनावरांच्या हाताळणीत हे अंतर ओळखण्यावर विशेष भर दिला आहे. माणसाची ओळख पटत जाते तसे हे अंतर कमी होते. नव्या घरात मात्र जागा, माणसे, चाऱ्याची चव आणि सोबतची जनावरे हे सारेच एका दिवसात बदललेले असते.

पान्हा का अडतो?

कासेतील बहुतांश दूध सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठलेले असते आणि ते केवळ सड ओढल्याने बाहेर येत नाही. वासराचे चोखणे किंवा कासेला होणारा हळुवार स्पर्श यामुळे गायीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सोडले जाते. साधारण मिनिटभरात त्या पिशव्या आकुंचन पावतात आणि दूध सडांकडे उतरते. हाच पान्हा होय. त्याचा प्रभाव काही मिनिटेच टिकतो.

गाय घाबरली की ही साखळी तुटते. एली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गायीजवळ कागदी पिशव्या फोडून तिला दचकवले, तेव्हा दूध उतरण्यात अडथळा आला. भीतीच्या वेळी शरीरात वाढणारे ॲड्रेनॅलिन टोचल्यावरही तसेच घडले. याचा अर्थ, भेदरलेली गाय हट्टाने दूध चोरत नाही. त्या क्षणी तिचे शरीरच ते सोडू शकत नाही. तिला मारझोड केल्यास भीती वाढते आणि दूध आणखी घटते.

अशा वेळी पान्ह्यासाठी सर्रास इंजेक्शन देण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो टाळावा. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक पदार्थ टोचणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १२ नुसार गुन्हा आहे.

पहिले काही दिवस

तयारीची सुरुवात खरेदीच्या वेळीच होते. गाय कितव्या वेताची आहे, धार कोणत्या वेळी व कोणत्या बाजूने काढली जाते, काढणारा पुरुष आहे की स्त्री, वासरू आधी सोडतात का आणि खुराक कोणता, हे विकणाऱ्याला विचारावे. शक्य असल्यास त्याच्या गोठ्यात एक धार स्वतः काढून पाहावी. पूर्वीचाच चारा काही दिवस चालू ठेवून बदल हळूहळू करावा. घरी अन्य जनावरे असल्यास नव्या गायीला सुमारे तीन आठवडे वेगळे बांधावे आणि पशुवैद्यकाकडून तपासणी व लसीकरणाची खात्री करून घ्यावी.

सुरुवातीला एकाच व्यक्तीने तिचे सर्व करावे. जवळ जाताना पाठीमागून न जाता बाजूने, तिला दिसेल असे आणि आवाज देत जावे. हात एकदम डोक्याकडे नेऊ नये. आधी खांदा व मानेखालची पोळी खाजवावी, मग पाठ, पोट आणि शेवटी कास असा क्रम ठेवावा. ती सरकली तर मागे लागू नये. थांबावे आणि शांत झाल्यावर पुन्हा हात ठेवावा. दिवसातून दोन-तीन वेळा दहा मिनिटे असा सराव केल्यास बहुतेक गायी काही दिवसांत स्थिरावतात.

धार काढताना

धारेची वेळ, जागा आणि क्रम रोज सारखाच ठेवावा. समोर खुराक ठेवावा. वासरू असल्यास त्याला थोडे पिऊ देऊन गायीच्या तोंडाजवळ बांधावे. साहिवाल, गीर यांसारख्या देशी जातींच्या अनेक गायी वासराशिवाय पान्हा सोडत नाहीत. मात्र नुकत्याच व्यायलेल्या गायीच्या आणि वासराच्या मध्ये कधीही उभे राहू नये.

गायीची लाथ घोड्यासारखी सरळ मागे न जाता बहुधा पुढे आणि बाजूला फिरते. म्हणून अर्धवट अंतरावर बसणे सर्वांत धोक्याचे ठरते. मागच्या पायापासून पुढे, तिच्या कुशीला लगटून बसावे आणि डोके किंवा खांदा कुशीला टेकवावा. पाय उचलण्यापूर्वीची हालचाल त्यामुळे आधीच जाणवते. मांडी घालून बसू नये. चटकन उठता येईल असे बसावे आणि मागे वाट मोकळी ठेवावी. दाव्याचा वेढा हाताला कधीही घेऊ नये. गाय उधळल्यास माणूस फरफटत जातो.

मागचे पाय बांधणे भागच पडल्यास मऊ दोरीने, गुडघ्याच्या वर, आठच्या आकड्यासारखे बांधावे आणि गाठ एका ओढीत सुटेल अशी असावी. सुरुवातीला दुसरी परिचित व्यक्ती गायीच्या डोक्याजवळ उभी राहिल्यास मदत होते. लहान मुलांना मात्र दूर ठेवावे.

स्वभाव की आजार?

शांत गाय अचानक लाथ मारू लागली तर आधी कास तपासावी. कासदाह, सडांना पडलेल्या भेगा, जखमा किंवा पहिल्या वेतात कासेला आलेली सूज यांमुळे स्पर्शच वेदनादायक होतो. कास गरम किंवा कडक लागणे, दुधात गुठळ्या अथवा रक्त दिसणे ही कासदाहाची लक्षणे असून अशा वेळी त्वरित उपचार करावेत.

अचानक आलेला आक्रमकपणा, तोंडातून लाळ गळणे, गिळता न येणे आणि सतत हंबरणे ही रेबीजची लक्षणे असू शकतात. अशा गायीच्या तोंडात हात घालू नये, तिचे कच्चे दूध पिऊ नये आणि पशुवैद्यकास तातडीने कळवावे. लाळेचा जखमेशी संपर्क आल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये ५१६ गोपालकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गायींना नावाने हाक मारणाऱ्यांकडे एका वेतात २५८ लिटर दूध अधिक आढळले. नावाने दूध वाढते असा याचा अर्थ नव्हे. नाव ठेवणारा माणूस प्रत्येक गायीकडे स्वतंत्रपणे लक्ष देतो, एवढेच त्यातून सूचित होते. आपल्याकडे कपिला, चांदी, तांबू अशी नावे ठेवण्याची प्रथा जुनीच आहे. नव्या गायीला नाव दिल्यानंतर त्या नावाची ओळख पटण्यास तिला काही दिवस द्यावेत. त्या काही दिवसांच्या संयमावरच पुढील अनेक वेतांचे दूध आणि घरातील माणसांची सुरक्षितता अवलंबून असते.