कायद्याच्या विद्यार्थ्यांचा ताण मोजायचाय? आधी वडखळ नाक्यावर उभे राहा

सिनॉप्सिसच्या मोसमात एक शीर्षक हमखास दिसतं: 'विधी शाखेच्या विद्यार्थ्यांमधील ताणतणाव: एक अभ्यास'. पुढचंही सगळं ठरलेलं असतं. गूगल फॉर्म, २०० विद्यार्थी, ताण मोजणारी एखादी तयार प्रश्नावली, टक्केवारीची कोष्टकं आणि शेवटी 'प्रत्येक महाविद्यालयात समुपदेशन केंद्र असावे' ही शिफारस. विषय वाईट नाही. पण 'यातून नवीन काय कळलं?' असं समितीतल्या कुणी विचारलं की गाडी अडते. ताण आहे हे आधीच माहीत होतं. केंद्र असावं हेही माहीत होतं.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं, की ताण किती आहे एवढ्यावर थांबू नका. ताण जाणवल्यापासून मदत मिळेपर्यंतचा रस्ता नेमका कुठे तुटतो, हा प्रश्न घ्या. आज वडखळचं उदाहरण घेऊन हेच बघू.

आधी काय माहीत आहे

या विषयात आजही ज्याचा दाखला दिला जातो असा एक अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी ॲरिझोना विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाआधी, शिकत असताना आणि पदवीनंतरही तपासलं. प्रवेशाआधी ही मुलं इतर लोकांसारखीच होती. पहिल्या वर्षातच त्रासाची लक्षणं वाढली आणि पदवीनंतर दोन वर्षांनीही ती पूर्ण ओसरली नव्हती. इथे 'प्रवेशाआधी' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकदाच फॉर्म भरून घेतला तर ताण कायद्याच्या शिक्षणामुळे आला की तो आधीपासूनच होता, हे सांगता येत नाही. एकदाच मोजणार असाल तर 'परिणाम' हा शब्द शीर्षकातून काढून टाका.

दुसरा अभ्यास २०१४ च्या सर्वेक्षणाचा. ऑर्गन, जॅफी आणि बेंडर यांनी अमेरिकेतल्या १५ लॉ स्कूलमधल्या ३,३०० हून अधिक विद्यार्थ्यांची माहिती गोळा केली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. चाचणीत १७ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली. माझ्या मते त्यातला खरा आकडा पुढे आहे. गेल्या वर्षभरात आपल्याला मानसिक आरोग्यासाठी मदतीची गरज होती असं ४२ टक्क्यांना वाटलं, पण त्यातल्या साधारण निम्म्यांनीच तज्ज्ञाकडून समुपदेशन घेतलं. उरलेले का गेले नाहीत? नोकरीवर किंवा शिक्षणावर परिणाम होईल, लोक काय म्हणतील आणि वकिलीचा परवाना अडेल, ही कारणं पुढे आली. परवान्याची धास्ती ४५ टक्क्यांनी सांगितली.

सनदेची भीती इथेही आहे का?

ती प्रश्नावली मराठीत आणून जशीच्या तशी वापरली तर इथे चूक होईल. अमेरिकेत परवाना देताना 'चारित्र्य आणि पात्रता' तपासतात आणि अनेक राज्यांच्या अर्जांत मानसिक आजाराबद्दलही विचारलं जायचं. आपल्याकडे ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ चं कलम २४-अ वाचून बघा. सनद नाकारण्याच्या कारणांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, अस्पृश्यताविरोधी कायद्याखालची शिक्षा आणि तशाच आरोपावरून सरकारी सेवेतून बडतर्फी आहे. समुपदेशन घेणं किंवा नैराश्यावर उपचार घेणं त्या यादीत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ३(५) मध्ये तर स्पष्ट म्हटलंय, की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून ती व्यक्ती 'विकल मनाची' ठरत नाही. त्यासाठी सक्षम न्यायालयाचा निर्णय लागतो.

म्हणजे कायदा एक सांगतो आणि विद्यार्थ्याला कदाचित भलतंच वाटत असतं. हा फरक मोजता येतो. 'समुपदेशकाकडे गेल्याचं कळलं तर सनद घेताना अडचण येईल असं तुम्हाला वाटतं का?' हा एक प्रश्न टाका. उत्तर मोठ्या प्रमाणावर 'हो' आलं, तर केंद्राच्या भिंती रंगवण्याआधी एक तासाचं लेक्चर लागेल, हा निष्कर्ष तुमच्या हातात येतो.

पण इथे एक खाच आहे. याच कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे आणि तो पाळण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर आहे. 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोण, याची व्याख्याही कायद्यात दिली आहे. मानसशास्त्रात एमए करून कॉलेजमध्ये आठवड्यातून एकदा बसणारे समुपदेशक त्या व्याख्येत बसतीलच असं नाही. तिथे गोपनीयता त्यांच्या व्यावसायिक नीतीवर आणि कॉलेजच्या लेखी नियमावर अवलंबून राहते. तुम्ही अभ्यासाला घेतलेल्या कॉलेजात असा लेखी नियम आहे का, हे बघणं म्हणजे डेटाच गोळा करणं.

आता वडखळ नाका

मुंबई-गोवा महामार्गावर अलिबागचा फाटा फुटतो ते हे ठिकाण. इथून अलिबाग २०-२५ किलोमीटर, पेण त्याहून जवळ आणि पनवेल बरंच वर. कायदा शिकायचा तर अलिबागला ॲड. दत्ता पाटील विधी महाविद्यालय आहे, नवीन पनवेलला भागुबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी जवळचं ठाण्याला.

समजा, वडखळजवळच्या एका गावातली मुलगी. घरात वकील होणारी पहिलीच. सकाळी एसटीने कॉलेजला जाते, दुपारनंतर पेणला एका वकिलांच्या ऑफिसात काम शिकते. गेले दोन महिने तिला झोप नाही. तिच्या बाजूने रस्ता मोजला तर पाच टप्पे दिसतात.

पहिला, ओळख. ती 'मला नैराश्य आलंय' असं म्हणणार नाही. 'डोकं चालत नाही', 'जीव घाबरा होतो', 'कशातच मन लागत नाही' असं म्हणेल. तुमच्या प्रश्नावलीत ही भाषा आहे का?

दुसरा, माहिती. कॉलेजात कुणी समुपदेशक आहे, हे तिला ठाऊक आहे का? नोटीस बोर्डावरच्या कागदाला माहिती म्हणायचं का?

तिसरा, वेळ. समुपदेशक दुपारी १२ नंतर बसत असतील आणि तिची एसटी सव्वाबाराची असेल, तर तिच्यापुरतं ते केंद्र बंदच. गाडी चुकली की नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अख्खी दुपार गेली.

चौथा, भरवसा. समुपदेशन करणाऱ्या मॅडमच इंटर्नलचे मार्क देत असतील तर? गावातल्या कुणी बघितलं आणि घरी 'कुठे गेली होती?' असं विचारलं तर?

पाचवा, दुसरी खेप. एकदा जाऊन आल्यावर ती परत गेली का? बऱ्याच अहवालांत लाभार्थी मोजतात, परत आलेले मोजत नाहीत.

आता केवळ समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. १०० पैकी ४० जणांना त्रास जाणवला, ३० जणांना केंद्र माहीत होतं, १२ जणांना वेळ जुळली, ५ जण गेले, २ जण परत गेले. इथे मोठी गळती वेळेच्या टप्प्यावर आहे. म्हणजे जनजागृतीची पोस्टर वाढवून फारसा फरक पडणार नाही, वेळ बदलावी लागेल किंवा फोनवरून सत्र द्यावं लागेल. दुसऱ्या कॉलेजात गळती भरवशाच्या टप्प्यावर असेल, तिथे उपाय वेगळा. आकडे फॉर्ममधून मिळतील, पण गळतीचं कारण १२-१५ मुलाखती घेतल्याशिवाय कळणार नाही. म्हणून मिश्र पद्धत.

या प्रश्नाला आत्ता वजन आहे. जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा कलम २१ खालच्या जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. संख्या त्याहून कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी हवी. नेमणुकीचं पत्र फाइलला लागेल. ते पत्र वडखळच्या मुलीपर्यंत पोचलं का, हे कुणीतरी मोजायला हवं.

सगळं मनातच नसतं

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने रखडले. कायद्याचे विद्यार्थी त्यात चांगलेच अडकले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. त्या काळात एखाद्या विद्यार्थ्याचा चिंतेचा स्कोअर वाढला असता, तर त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून निकाल लागला नसता. म्हणून प्रश्नावलीत ताणाचं कारण वेगळं विचारा: निकाल, फी, इंग्रजी निकालपत्रं वाचण्याची अडचण, प्रवास, घर. नाहीतर संस्थेची चूक विद्यार्थ्याच्या 'कमकुवत मनावर' ढकलली जाते आणि त्यावर आपल्या प्रबंधाचा शिक्का बसतो.

फॉर्म पाठवण्याआधी ठरवायच्या तीन गोष्टी

पीएचक्यू-९ ही नैराश्याची चाचणी बरेच जण वापरतात. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. १० किंवा अधिक गुण म्हणजे पुढे तपासणीची गरज. ते निदान नव्हे. परीक्षेच्या महिन्यात फॉर्म दिला तर तुम्ही परीक्षा मोजाल, हेही लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट याच चाचणीतली. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. समजा, फॉर्म निनावी आहे आणि रात्री ११ वाजता एक्सेल उघडल्यावर तुम्हाला तिथे '३' दिसला. आता तुम्ही त्या मुलाला शोधूही शकत नाही. या क्षणाचा विचार आधी झालेला हवा. एकतर हा प्रश्न समोरासमोर, तज्ज्ञ हाताशी असतानाच विचारा. नाहीतर तो गाळून आठ प्रश्नांची आवृत्ती घ्या. काहीही केलं तरी मदतीचा नंबर उत्तर कुठलंही असो, सगळ्यांना दिसू द्या. नैतिकता समिती हेच विचारणार आहे, पण समिती विचारते म्हणून हे करायचं नसतं.

दुसरी, निनावीपणा. छोट्या कॉलेजात 'तिसरं वर्ष, महिला, विवाहित, वडखळ' एवढ्यावरून माणूस ओळखता येतो, नाव लिहायची गरजच नाही. गाव न विचारता प्रवासाचा वेळ विचारा. ज्या रकान्यात पाचपेक्षा कमी जण येतात ते एकत्र करा.

तिसरी, फॉर्म वर्गात सरांनी वाटायचा नाही. नाही म्हणायची मोकळीक नसेल तर ती संमती नव्हे.

एवढं केलंत की तुमचं शीर्षक आपोआप बदलेल. उदाहरणार्थ: 'रायगड जिल्ह्यात रोज प्रवास करून शिकणाऱ्या विधी विद्यार्थ्यांचा मदतीपर्यंतचा मार्ग: माहिती, वेळ आणि गोपनीयता यांची भूमिका'. हे लांबलचक आहे, पण यात विचारायला प्रश्न आहे आणि उत्तर आलं तर कॉलेजला त्याचा उपयोग आहे.

आणि हे वाचताना झोपेचा, घाबरेपणाचा भाग स्वतःचाच वाटला असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्यासाठी एसटी पकडावी लागत नाही.