उन्हाळी मशागत आणि अंगातलं पाणी



एप्रिल-मे म्हणजे वखरणीचे, धसकटं वेचायचे, बांधबंदिस्तीचे दिवस. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर चढतो आणि काम तर पावसाआधी उरकायचंच असतं. विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते आपण रोज वाकून पाहतो. अंगातलं पाणी मात्र तहान लागली की मगच आठवतं. तहान ही उशिरा मिळणारी सूचना आहे. कडक उन्हात कष्टाचे काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो.

म्हणून तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. दुपारी एकदम घटाघटा पिऊन ही भरपाई होत नाही. घामाबरोबर मीठही जाते. तेव्हा न्याहरी करून निघावे व मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा आंबील सोबत ठेवावी. चहावर वेळ मारून नेऊ नये. दारूने लघवी वाढून पाणी उलट जास्तच जाते. काही जण खिशात कांदा ठेवतात. खुशाल ठेवा, पण कांदा पाण्याचं काम करीत नाही!

आता खूण कशी ओळखायची? लघवी पाहावी. गव्हाच्या काडासारखी फिकी असेल तर ठीक. हळदीच्या पाण्यासारखी गडद, थोडी आणि जळजळणारी झाली की पाणी कमी पडले. पुढे जीभ कोरडी पडते, डोके दुखते, उठताना अंधारी येते, पोटऱ्यांत गोळे येतात. इथेच काम थांबवून सावलीत बसावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्यावे. मीठ अंदाजाने जास्त टाकू नये. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना प्रमाण विचारून ठेवावे.

माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. मग घाम असो वा नसो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि दुसऱ्याने लगेच १०८ नंबरला फोन करावा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.

भगिनींबद्दल एक गोष्ट स्पष्टच बोलतो. शिवारात आडोसा नाही म्हणून बऱ्याच बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, मुतखडा असे त्रास मागे लागतात. बांधावर चार बांबू रोवून जुन्या पोत्यांचा आडोसा करायला तासाभराचं काम आहे. ते घरच्या पुरुषमाणसानं मजूर लावण्याआधी करावं.

आणि बैल? मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली नाही, तर जू उतरवून त्याला आधी पाण्यावर न्या.