मिसरी मैत्रीण आणि आपले 'नक्को'

मोबाइलवर आलेला मेसेज वाचता वाचता माझ्या भाचीचा चेहरा उतरला. तिने लगेच 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' लिहून पाठवले, वर मरहूमेच्या मगफिरतीची दुआही केली. पलीकडून दोन मिनिटे काहीच आले नाही. मग एक व्हॉइस मेसेज आला. त्यात शब्द कमी आणि हसणेच जास्त होते.

मेसेज असा होता : 'जद्दती इन्तकलत इला बैति अम्मी.' भाचीने अर्थ लावला की आजीचा इंतकाल झाला, तोही अम्मीच्या घरी. खरा अर्थ होता, माझी आजी काकांच्या घरी राहायला गेली आहे. अरबीत 'इन्तिकाल' म्हणजे एका जागेहून दुसऱ्या जागी जाणे, आणि 'अम्मी' म्हणजे माझे चुलते. म्हातारी काहिऱ्यात खुशाल होती.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. आपल्या उर्दूत अरबी शब्द ठासून भरले आहेत, तेव्हा अरबी आपल्याला निम्मी तर येतेच, असे मलाही वाटायचे. त्या दिवशी कळले की हे ओळखीचे शब्दच जास्त घात करतात. 'गरीब' म्हणजे तिकडे विचित्र किंवा परका. 'मकान' म्हणजे जागा. 'जुलूस' म्हणजे चक्क बसणे! त्यापेक्षा मराठीतले साधे शब्द इमानदार निघाले. दुकान, साबण, हिशेब, वजन हे थोड्या उच्चाराच्या फरकाने अरबीतही त्याच अर्थाने चालतात.

ही भाची मिरजेला असते. बी.एस्सी. नर्सिंग झाली आहे, दोन वर्षे नोकरीही केली आहे आणि आता सौदीला जाण्याची तयारी चालू आहे. तिथल्या परवान्याची परीक्षा इंग्रजीत असते, त्यामुळे सगळ्या मुली इंग्रजीच्या मागे लागतात. अरबीचे मनात आले ते तिच्या कॉलेजातल्या एका सीनियर मुलीमुळे. ती तिकडच्या एका हॉस्पिटलात रात्रपाळीला होती. एक वृद्ध बाई रात्रभर 'बर्दाना, बर्दाना' म्हणत होती. या मुलीने पाणी दिले, उशी बदलली, ताप पाहिला, डॉक्टरांना विचारून गोळी दिली. बाई तेच म्हणत राहिली. सकाळी झाडलोट करायला आलेल्या बाईने सांगितले, अगं, तिला थंडी वाजते आहे, पांघरूण मागते आहे. एसीखाली ती म्हातारी रात्रभर कुडकुडत होती आणि पांघरुणे शेजारच्या कपाटात होती. ही गोष्ट फोनवर सांगताना ती मुलगी रडली म्हणे.

आपल्या घरांत अरबी रोज असते. फजरनंतर तिलावत, मुलांचा नाजरा, नमाजेतल्या सूरा. मखरज नीट शिकवणारी आपा किंवा हाफिजजी लाभले असतील, तर 'ऐन' आणि 'हे' घशातून कुठून काढायचे हेही माहीत असते, आणि ही काही थोडी पुंजी नाही. मात्र ज्या भाषेत आपण आयुष्यभर वाचले, तिच्यात 'कुठे दुखते?' एवढे विचारता येत नाही. कारण साधे आहे. त्या भाषेत आपल्याशी कधी कुणी बोललेच नाही. पुस्तके बाजारात मिळतात, धडे यूट्यूबवर आहेत; बोलायला माणूस कुठून आणायचा?

तो इंटरनेटवर मिळतो. भाषेची अदलाबदल करणारी अ‍ॅप आहेत : हॅलोटॉक २०१२ पासून आहे, जर्मनीतले टँडम २०१५ पासून. तुम्हाला येणारी भाषा आणि शिकायची भाषा लिहायची, म्हणजे त्याच्या उलट गरज असलेली माणसे समोर येतात. पैसे घेणे-देणे नाही. टँडम म्हणजे दोघांनी पायडल मारायची सायकल. नाव चांगले ठेवले आहे, कारण एकाने पाय वर घेतले की दुसऱ्याची दमछाक होते.

अ‍ॅप मोबाइलवर घेणे सोपे होते, घरात मान्य करून घेणे अवघड. दुल्हाभाईंनी साफ नकार दिला. अनोळखी माणसांशी पोरगी मोबाइलवर बोलत बसणार, हे त्यांना पटणे शक्यच नव्हते. मी त्यांना हजरत जैद बिन साबित (रजि.) यांची आठवण करून दिली. रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना यहुद्यांची लिपी शिकायला सांगितले आणि अर्धा महिनाही झाला नाही तोवर त्यांनी ती शिकून घेतली, असे तिरमिजी शरीफमध्ये आहे. दुल्हाभाई म्हणाले, ''ते जैद बिन साबित होते आणि शिकायला सांगणारे कोण होते ते बघा. इथे पलीकडे कोण बसलंय, हे तुम्हा टीचर लोकांना तरी माहीत आहे का?''

त्यांचे चुकीचे नव्हते. पहिल्या आठवड्यातच ते दिसले. भाचीने 'येणारी भाषा' म्हणून इंग्रजी लिहिले होते. दोन दिवसांत ढीगभर मेसेज आले, बहुतेक पुरुषांचे. एकाने तिसऱ्याच वाक्यात फोटो मागितला, एकाने लग्नाचे विचारले. तिने त्यांना ब्लॉक केले. एका जॉर्डनी बाईशी जरा बरे जुळत होते, तर तिच्या मेसेजमध्ये 'रकम' असा शब्द आला. दुल्हाभाई ताडकन उठले, ''बघा, पैसे मागायला लागली!'' अरबीत 'रक्म' म्हणजे आकडा, नंबर. ती फोन नंबर मागत होती. अर्थात नंबरही दिला नाही, हे बरेच झाले.

मग आम्ही दोघींनी बसून तिची माहिती नव्याने लिहिली. इंग्रजी काढून टाकले. येणारी भाषा : उर्दू. शिकायची : अरबी. खाली दोन ओळी, मी नर्स आहे, रुग्णांशी बोलता यावे म्हणून शिकते आहे, फक्त महिलांशी बोलेन. काही अ‍ॅपमध्ये फक्त आपल्याच लिंगाच्या लोकांना आपण दिसू अशी सोय असते, तीही चालू केली. मेसेज एकदम आटले. आठवडाभर सुनसान. भाची म्हणाली, ''खाला, उर्दू कोण शिकणार?''

मलाही तीच शंका होती. आपली उर्दू आपल्याच शाळांत कशीबशी तग धरून आहे; तिच्या बदल्यात कुणी आपली भाषा देईल, हे मनात आले नव्हते. पण काहिऱ्यात अल-अझहर आणि ऐन शम्स या दोन्ही विद्यापीठांत उर्दूचे विभाग आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना उर्दूची पुस्तके मिळतात, उर्दू बोलणारे घर मिळत नाही. म्हणजे आपल्या उलटे, आणि तरी अगदी आपल्यासारखेच. दहाव्या दिवशी अशाच एका मुलीचा मेसेज आला. तिला इंग्रजी नकोच होती, इंग्रजी शिकवणारे तिला गल्लोगल्ली भेटतात.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा रात्री साडेनऊला, भाकऱ्या आटोपल्यावर, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून त्यांचे बोलणे सुरू होते. काहिरा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, उन्हाळ्यात तिथली घड्याळे पुढे करतात तेव्हा अडीच. अर्धा तास अरबी, अर्धा तास उर्दू, आणि घड्याळ लावून. हे घड्याळ महत्त्वाचे. सुरुवातीला ते नव्हते तेव्हा मिसरी पोरगी सगळा तास उर्दूतच बोलून गेली, आणि आमची भिडस्त पोर 'हौ, हौ' करत राहिली. विषय आदल्या दिवशी ठरतो : ताप, जखमेची पट्टी, जेवणाचे पथ्य, घाबरलेला नातेवाईक. एक रुग्ण होते, दुसरी नर्स. चुका मध्येच तोडून सांगायच्या नाहीत. बोलणे संपल्यावर सांगायच्या, त्याही मोजक्या. वर्गात मी याच्या नेमके उलट करते, हे कबूल करायला हवे.

पहिल्याच दिवशी मिसरी मुलगी म्हणाली, तू टीव्हीवरच्या बातम्यांसारखे बोलतेस. आपण शिकतो ती फुसहा, म्हणजे किताबी अरबी. बाजारात आणि घरात कुणी ती बोलत नाही. भाचीने मग वहीत तीन रकाने आखले : किताबी, मिसरी, सौदी. 'कुठे' याला किताबी 'ऐन', मिसरी 'फेन', नज्द आणि खाडीकडे 'वेन'. हृदय किताबीत 'क़ल्ब'. काहिऱ्यात क़ाफ गिळून टाकतात, म्हणून तिथे 'अल्ब'; सौदीत पुष्कळ ठिकाणी 'गल्ब'. छातीवर हात ठेवून कुणी 'अल्बी' म्हणाले, तर नर्सला ते तेव्हाच कळले पाहिजे. आणि आपण घाईत क़ाफचा साधा काफ केला, तर 'कल्ब' म्हणजे कुत्रा. रुग्णाला विचारून बघा, तुमच्या कुत्र्यात दुखते का! नाजऱ्याच्या वेळी आपा छडी घेऊन क़ाफवर का बसायच्या, ते भाचीला आता समजले.

सौदीला जायचे तर मिसरी बोली कशाला, असे मला वाटले होते. पण मिसरच्या सिनेमांमुळे आणि मालिकांमुळे ती बोली सगळ्या अरबांच्या कानावरची आहे, आणि खाडीतल्या हॉस्पिटलांत मिसरी डॉक्टरही असतात. एक बोली तोंडात बसली की दुसरी पकडणे जमते. 'बर्दाना' तिने दोन्ही रकान्यांत लिहिले आहे, लाल पेनाने.

उर्दूच्या अर्ध्या तासात माझी परीक्षा असते. 'मैं रोटी लाया' पण 'मैंने रोटी खाई', हा 'ने' एका जागी आणि दुसऱ्या जागी नाही, असे का? असा प्रश्न तिकडून आला आणि भाचीने मोबाइल सरळ माझ्या हातात दिला. इतकी वर्षे शिकवते आहे, पण हे मला कुणी विचारलेच नव्हते. आपली मुले 'ने' आईच्या कुशीत शिकून येतात. मी दोन दिवस मागून घेतले.

दुल्हाभाईंच्या अटी अजून चालू आहेत आणि त्या मी इतरांनाही सांगते. बोलायचे ते स्वयंपाकघरात किंवा हॉलमध्ये, दार उघडे ठेवून. फोटो, पत्ता, पासपोर्टचे काहीही नाही. बोलणे अ‍ॅपवरच. पैशाचा विषय निघाला की तिथेच थांबायचे. महिना-दोन महिने गोड बोलून 'तुझ्यासाठी भेट पाठवली, कस्टममध्ये अडकली, तेवढी फी भर' असे सांगणाऱ्यांनी चांगल्या शिकलेल्या लोकांना लुटले आहे. शाळकरी मुलांना मी यात पडू देणार नाही. टँडमसारखे अ‍ॅप तर १८ वर्षांखाली घेतच नाही. आणि जोडीदार अमिरातीतला असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणे तिकडे चालत नाही. ज्यांच्या घरातले कुणी दुबईला आहे, त्यांना बोटिम ठाऊकच आहे.

ज्यांना अदलाबदलीची दगदग नको, त्यांना पैसे देऊनही बोलणारा मिळतो. आयटॉकीवर तासाप्रमाणे शिक्षक असतात. मला स्वतःला 'नतकल्लम' ही संस्था जवळची वाटते. नावाचा अर्थ 'आपण बोलतो'. लेबनानी वंशाच्या अमेरिकन अलीन सारा यांनी २०१५ मध्ये तिची सुरुवात केली. सीरियातून उजाडून आलेल्या लोकांकडे काम नव्हते, भाषा मात्र होती. तीच त्यांची कमाई झाली. अरबी शिकणारे पैसे भरतात आणि त्यातून घर सोडावे लागलेल्या कुणाच्या तरी चुलीला हातभार लागतो. पुढच्या सुट्टीत मी स्वतः तिथे नाव घालणार आहे, इन्शाअल्लाह.

भाचीचा व्हिसा अजून यायचा आहे. परवाना परीक्षेचा अभ्यास आणि अरबी, दोन्ही चालू आहे. परवा मिसरी मुलीची परीक्षा होती म्हणून बोलणे झाले नाही, तर हॉलमधून दुल्हाभाईच विचारत होते, ''आज तुझी मिसरी आली नाही का?''

त्या परीक्षेचे मला जरा टेन्शन होते. उर्दूची तोंडी परीक्षा. या पोरीने आमच्या घरातली दखनी बोली उचलली आहे, आणि 'नक्को' तर तिला फारच आवडले. ते तुमच्या मराठीच्या 'नको'चेच भावंड, असे मीच तिला कौतुकाने सांगून बसले होते. म्हणून आदल्या रात्री तिला निक्षून सांगितले, बेटा, परीक्षकांसमोर 'नहीं चाहिए' म्हणायचं, 'नक्को' म्हणायचं नाही, समझी?

तिकडून लगेच उत्तर आले, ''हौ, खाला.''