तमाशाचा श्रोता

अमक्याला कोणते गाणे आवडते, एवढ्यावरून त्याचे शील ठरविण्याची खोड पुष्कळांना असते. चकलांब्यासारख्या खेड्यातून तमाशाला जाणारा मनुष्य छंदीफंदी, हा निवाडा शिष्टांनी असाच दिला. लावणीतील शृंगार हे त्याचे कारण सांगितले जाई. परंतु शाकुंतलातील शृंगार वाचणारा रसिकच गणला गेला! खरे कारण निराळे होते. फडातील कलावंत बहुधा अस्पृश्य मानलेल्या महार-मांग जातींतले; तो विटाळ श्रोत्यालाही चिकटविला गेला. कुलकर्णी घराण्यातील पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) फडात शिरले आणि स्वजनांना परके झाले. न्यूयॉर्कमध्ये १९७३ च्या सुमारास मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांतून निघालेल्या हिपहॉप संगीताच्या श्रोत्यांनाही हेच भोगावे लागले. गाण्याला नाव ठेवताना आपण गाणाऱ्याच्या जातीला तर नाव ठेवीत नाही ना, हे प्रत्येकाने मनाशी ताडून पाहावे.