खिडकीपलीकडचे नाना

मुलें आपल्या वडिलांना ओळखतात तीं बहुधा एकाच बाजूनें. देवघरांतले वडील, पंक्तीला बसलेले वडील, अभ्यास चुकला म्हणून रागावणारे वडील, आजारपणांत उशाशीं जागणारे वडील. एवढी ओळख सर्वांनाच असते. परंतु दिवसाचे आठ-नऊ तास ज्या कामांत ते घालवितात तेथें ते कसे असतात, हें पुष्कळांना शेवटपर्यंत कळत नाहीं. आम्हां भावंडांचें भाग्य असें कीं, आमचें घर आणि वडिलांची कचेरी यांच्यामध्यें एकच दार होतें. नाना पोस्टमास्तर होते. पुढच्या दोन खोल्यांत पोस्ट, आणि मागच्या तीन खोल्यांत आजी, आत्या, आई, शिक्षणासाठीं राहिलेले दोन चुलतभाऊ व आम्ही तिघें भावंडें, अशी सारी व्यवस्था होती.

नाना १९४६ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, टपालखात्यांत नोकरीस लागले. ठिकठिकाणच्या बदल्या भोगून १९७९ मध्यें ते रत्नागिरी जिल्ह्यांतील देवरुखास आले, आणि १९८३ मध्यें तेथूनच सेवानिवृत्त झाले. संगमेश्वर तालुक्याचें हें मुख्य ठिकाण. डोंगरांत पसरलेल्या वाड्यांतील लोक बाजाराला, कचेरीच्या कामाला आणि पोस्टाला तेथेंच येत. कोंकण रेल्वे तेव्हां नव्हती; ती संपूर्ण सुरू व्हावयास १९९८ साल उजाडलें. टपालाच्या थैल्या एस्. टी. च्या टपावरून येत, आणि पावसाळ्यांत घाटांत दरड कोसळली म्हणजे सारा गांव पोस्टाच्या पायरीवर येऊन बसे.

नानांची शिस्त घरांत थट्टेचा विषय होती. एकदां लोणच्याच्या दिवसांत आत्येला मोहरीचें नेमकें वजन पाहिजे होतें. पार्सलें तोलावयाचा कचेरींतला तराजू चार पावलांवर होता. परंतु नाना म्हणाले, “आक्का, तो तराजू सरकारचा आहे. त्यावर टपालच चढायचें.” आत्या म्हणाली, “माझ्या मूठभर मोहरीनें सरकार बुडणार आहे का रे?” नाना हंसले, परंतु मोहरीची पुरचुंडी घेऊन भर उन्हांत वाण्याच्या दुकानीं गेले आणि तोलून परत आले. आत्या ही गोष्ट पुढें कित्येक वर्षें सांगत असे, आणि दर वेळीं त्या गोष्टींतलें ऊन थोडें अधिक तापे.

संध्याकाळीं हिशेब जमेपर्यंत नाना पानावर बसत नसत. एकदां सव्वा रुपया कमी भरला. आईनें सुचविलें कीं, आपल्या खिशांतून घालावा आणि जेवून घ्यावें. त्यावर ते म्हणाले, “खिशांतून घातला तर रुपया भरेल, चूक तशीच राहील.” रात्रीं नऊ वाजतां एका नोंदींतली चूक सांपडली, तेव्हां कुठें पानें वाढलीं गेलीं.

गांवांतील बहुतेकांचीं सुखदुःखें नानांच्या हातांखालून जात. तारेचा मजकूर तर त्यांना सर्वांच्या आधीं कळे. परंतु आमच्या स्वयंपाकघरांत त्यांतला एक शब्दही कधीं आला नाहीं. तार पोंचविणारा शिपाई निघाला म्हणजे आई त्यांच्या चेहऱ्याकडे पाही. चेहरा मात्र कोऱ्या कागदासारखा असे.

दुपारीं काम थोडें हलकें झालें कीं, अक्षरओळख नसलेल्या बायका खिडकीशीं येत. नाना त्यांचीं पत्रें वाचून दाखवीत आणि उत्तरें लिहून देत. त्यांत त्यांचा एक नियम होता. सांगणारीचें बोलणें ते सुधारीत नसत. तिची भाषा तशीच उतरे, राग असला तर रागही उतरे. मग सारें पत्र हळू आवाजांत वाचून ते विचारीत, “हें असेंच जाऊं दे ना?” पुष्कळदां त्या प्रश्नावर बाई क्षणभर थांबे आणि म्हणे, “ती मधली ओळ खोडा, मास्तर.”

परंतु या मुलुखाचा खरा श्वास होता मनिऑर्डर. टपालानें पैसे पाठविण्याची ही सोय आपल्या देशांत १८८० पासून सुरू झाली, आणि मुंबईच्या गिरण्यांनीं कोंकणांतले तरुण ओढून नेले तेव्हांपासून तिच्यावर येथील घरें चालूं लागलीं. फॉर्माच्या तळाशीं एक लहानसें कुपन असे. त्यावर पाठविणाऱ्यानें दोन-तीन ओळी लिहाव्या, पैसे घेणाऱ्यानें सही करावी किंवा अंगठा उठवावा, आणि त्याची पोंच परत मुंबईस जावी. त्या पोंचेवरचा आईचा अंगठा पाहूनच गिरणगांवांतल्या मुलाला ती सुखरूप असल्याचें कळे. शिमग्याच्या आणि गणपतीच्या आधीं नानांना मान वर करावयास फुरसत नसे. पोस्टमन वाडीवर जाई हें खरें. परंतु गरजेला तेवढा धीर नसतो, म्हणून लोक स्वतःच खिडकीशीं येत.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर मागें घेतला असें कधीं झालेंच नाहीं. त्याचा वृत्तांत वर्तमानपत्रांत येण्याआधीं आमच्या खिडकींत दिसूं लागला. फेब्रुवारींत मनिऑर्डरी कमी झाल्या. शिमग्याच्या सुमारास त्या मोजक्या उरल्या. माणसें मात्र पूर्वीइतकींच येत होतीं.

त्यांत डोंगराकडील वाडीवरची एक म्हातारी होती. एकुलता मुलगा गिरणींत, घरीं दुसरें कोणी नाहीं. दर आठवड्याला दोन कोस चालून ती येई आणि विचारी, “मास्तर, माजी मनिआर्डर आली काय वो?” नाना उठून खिडकीशीं येत आणि म्हणत, “नाहीं आली, आजी.” ती पायरीवर घटकाभर बसे, आईनें दिलेलें पाणी पिई, आणि परत जाई.

तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर आईला तें पाहवेना. रात्रीं ती म्हणाली, “आपण पंचवीस रुपये द्यावे आणि मुलाचे आले म्हणून सांगावें. तिला का वाचतां येतें? तेवढाच जिवाला आधार.” आजीनें मान डोलाविली. आम्हां मुलांनाही ती युक्ति फार आवडली. नाना पुष्कळ वेळ बोलले नाहींत. नंतर म्हणाले, “ती माझ्याकडे पैसे मागायला येत नाहीं, मुलाची खबर विचारायला येते. खोटी खबर मीं कशी द्यावी? आज नसलेलें ‘आलें’ म्हणून सांगितलें, तर उद्यां मी ‘नाहीं’ म्हणेन त्यावर तिनें काय म्हणून विश्वास ठेवावा? तूं तांदूळ दे, पैसे दे, हवें तें दे. पण आपलें म्हणून दे.”

आईला हें पटलें नाहीं. तरी दुसऱ्या आठवड्यापासून म्हातारीच्या पदरांत तांदूळ पडूं लागले, आणि ते आमच्या घरचे म्हणूनच पडले. तिनेंही ते फुकट घेतले नाहींत. कधीं मूठभर कुळीथ, कधीं जांभळें, कधीं भाजलेल्या काजूच्या बिया ती पायरीवर ठेवून जाई. नाना तिला दर वेळीं सुचवीत, “आजी, मुलाला पत्र लिहूं का?” ती नको म्हणे. पत्र पाठविलें तर आई पैसे मागते असें पोराला वाटेल, हें तिचें भय.

वैशाख संपत आला तेव्हां एके दिवशीं ती आपण होऊन म्हणाली, “लिवा आतां.” नानांनीं कार्ड घेतलें. तिनें सांगितलें तें एवढेंच: “पैशाची वाट न्हाय बघत, तुजी बघतंय.” नानांनीं तसेंच लिहिलें, वाचून दाखविलें आणि नेहमींचा प्रश्न विचारला. या खेपेस एकही ओळ खोडावी लागली नाहीं.

मृगाचा पाऊस लागला आणि मुलगा गांवीं आला. चार दिवसांनीं तो खिडकीशीं उभा राहिला. नानांना म्हणाला, “पाठवायला पैसे नव्हते, म्हणून मी लिहायचंच सोडलं होतं, मास्तर. रिकाम्या हातानं काय लिहिणार? आईचं कार्ड आलं नसतं तर आलों नसतों.” नाना म्हणाले, “पेरणीच्या वेळेवर आलांत, छान झालें,” आणि पुढच्या माणसाचें काम हातीं घेतलें. तो पुन्हां गिरणींत गेला नाहीं. वडिलोपार्जित तुकडा त्यानें कसला आणि म्हातारीला अखेरपर्यंत सांभाळलें.

ही गोष्ट येथें संपविली तर नानांच्या बाजूनें निकाल दिल्यासारखा होईल, आणि तें आईवर अन्यायाचें ठरेल. आई पुढेंही म्हणत असे, “ते खरें वागले हें कबूल. पण चार महिने त्या बाईला उन्हांतून रिकामी परत जातांना मीं पाहिलें आहे. मुलगा आला नसता तर?” नाना या प्रश्नाला उत्तर देत नसत. एकदां मात्र मीं त्यांना एकांतीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “तुझ्या आईनें तांदूळ दिले नसते, तर माझें ‘नाहीं’ मला म्हणवलें नसतें.” माझ्या आईवडिलांच्या संसाराचें वर्म मला त्या एका वाक्यांत समजलें.

निवृत्तीनंतर नानांनीं गांवांतच लहानसें घर घेतलें. खिडकी गेली, पण माणसें ओटीवर येत राहिलीं. कोणाचा फॉर्म, कोणाचा अर्ज, कोणाचें पत्र. २००१ मध्यें ते गेले, तेव्हां डोंगरावरच्या वाड्यांतून जी माणसें पावसांत उतरून आलीं, त्यांतल्या अर्ध्याअधिकांचीं नांवें आम्हांला ठाऊक नव्हतीं. त्यांना मात्र आमचीं ठाऊक होतीं.

तारखातें २०१३ च्या जुलैंत बंद झालें. जुनी मनिऑर्डरही २०१५ मध्यें संपली. आतां मुंबईंतून पाठविलेले पैसे क्षणांत गांवीं पोंचतात, आणि कोणाच्या आईला दोन कोस चालावें लागत नाहीं, हें चांगलेंच झालें. परंतु पैसे पोंचल्याची खूण वाजते तेव्हां मला त्या कुपनावरच्या दोन ओळी आठवतात, आणि खिडकीपलीकडून उठून, समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहून, “नाहीं आली, आजी,” असें सांगणारे नाना आठवतात. वाईट बातमी देतांना ते बसून राहिल्याचें मला स्मरत नाहीं.